टर्बोचा सुटलेला पाइप

बाळा,

गाडी चढावर दम टाकते ती माझा पाय थकल्यामुळे, म्हणून ती विकायची, असं तू ठरवलंस. आज तुझ्या छोटीला घेऊन बॉनेट उघडलं. मी ॲक्सिलरेटर दाबला, ती कान देऊन ऐकत राहिली.

"आजोबा, हवा इथून फुसफुसतेय."

इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या पाइपाची पट्टी सैल होती; चढावरचा जोर तिथेच गळत होता. हादऱ्यांनी झाली असेल, असं मी म्हणालो.

"तुम्हीच शिकवलंत ना, स्क्रू फिरवल्याशिवाय ही सुटत नाही? मग कुणी फिरवला?"

पट्टी तिनेच आवळली. मी गाडी घेऊन तुझ्या आत्याकडे जातोय, चढाच्याच रस्त्याने. चिठ्ठीवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर तुझाच आहे, बॅटरीमागे सापडला. छोटीला हे सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ती तुला विचारेल. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, हेही मी तिला शिकवलंय.

बाबा