गोदाअक्काचं लांबलेलं आजारपण

आष्टा,
श्रावणातला दुसरा सोमवार, १९७४

चि. मधूस गोदाअक्काचे पोटभर आशीर्वाद (पोटात आज फक्त साबुदाणा आहे, तरी). सौ. विनोदिनीची कंबर काय म्हणते? तुझी दाढ काढून झाली, की अजून दवाखान्याच्या पायरीवरूनच परत येतोस? माझी प्रकृती ठणठणीत आहे. मात्र हे आष्ट्यात कोणाला कळता कामा नये, कारण इथे मी अठरा दिवस अंथरुणाला खिळून आहे. गोंधळू नकोस, सांगते.

'शाळा सुटली, मेहुणे गेले, आता तुला म्हातारपणी आष्ट्यात बघणार कोण? सांगलीला ये,' असं तू लिहिलंस. प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही छळत होता. चातुर्मासात मारुतीच्या देवळात दुपारी आम्हा बायकांसाठी पुजारी पोथी वाचतात. जिची तिची जागा ठरलेली. (खांबाला टेकायची जागा माझी. सुलाबाई ती स्वतःची म्हणते. चार वर्षं आम्ही त्यावरून धड बोलत नव्हतो.) तर एके दिवशी मी पोथीला गेलेच नाही. खरं कारण, तुझ्या कपाटातून न विचारता आणलेली रहस्यकथा दुसऱ्या खुनापर्यंत आली होती. मनाशी म्हटलं, बघू तरी, आपण नाही हे कोणाच्या लक्षात येतं का! पोथी सुटून पाव तास झाला नाही तोच अकरा बायका दारात. कोणाकडे सुंठीचा काढा, कोणाकडे शेकायला वीट, आणि एकीच्या हाती (असू दे म्हणून) गंगेची लोटी. रहस्यकथेसाठी पोथी बुडवली म्हणायची लाज वाटली, म्हणून पुस्तक उशीखाली सारलं आणि कण्हले. सवय नसल्यामुळे जरा जास्तच कण्हले. तीस वर्षं शाळेत मुलींच्या खोट्या पोटदुख्या पकडल्या, पण स्वतःची धड वठवता येईना. रंगूबाई ही आमच्या मंडळाची कारभारीण. तिने मला न विचारता पाळ्या लावल्या: भात कोणी आणायचा, झाडायचं कोणी, उशाशी बसायचं कोणी. मी नको नको म्हटलं, तर म्हणाली, "पोथी ऐकून उठायचं आन शेजारनीकडं बघायचं न्हाई, तर मग ऐकली कशाला?" मधू, मी भिंतीकडे तोंड करून रडले. ते रडणं मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी नसताना सुलाबाई आली. ऐंशीच्या घरातली बाई, दोन्ही मुलगे परगावी, छातीत सदा घरघर. आषाढापासून तिने औषध सोडलं होतं, जेवणही जवळजवळ सोडलं होतं. 'लय झालं, आता न्या म्हनावं,' एवढंच बोलायची. मंडळाने पाळ्या लावून पाहिल्या, पण बाई तोंड उघडीना. ती आली, बसली, उशी सारखी करताना पुस्तक हाती लागलं आणि विचारते, "ही कंची पोथी?" मी म्हटलं, आहे एक. "मग वाचा की." वाचलं. पहिला खून झाल्यावर मी थांबले आणि म्हटलं, उपाशी माणसाला पुढचं ऐकवायचा नेम नाही. तिने दुधात अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली. दुसऱ्या खुनाला औषध घेतलं.

चौथ्या दिवशी मी बरी झाले म्हणून उठले, तर रंगूबाईने दार लोटलं. "आक्का, तुमी एवढ्यात बऱ्या होऊ नगा. तुमचं सोंग आमाला पयल्याच दिवशी कळलं हुतं. पर म्हातारी तुमच्याकडं जेवाया लागलीया." तेव्हापासून मी मंडळाच्या हुकमाने आजारी आहे. रोज मऊ भात. झणझणीत आमटीची आठवण काढत पडून राहते. देवळातली पोथी झाली की अकराही जणी माझ्याकडे खून ऐकायला येतात. सुलाबाईचा वहीम कारकुनावर आहे. पोथीत राक्षस कोण ते पहिल्यापासून सांगतात, मग ह्यात का लपवतात, असं तिने विचारलं. उत्तर तुला सुचलं तर कळव. सांगलीला येण्याचं मात्र आता काढू नकोस. बघणार कोण ते मी बघितलं.

तुझी आजारी
गोदाअक्का

ता. क. पुस्तकाची शेवटची आठ पानं नाहीत (विनोदिनीने फराळाच्या डब्यात घातली असणार). गुरुवारपर्यंत आम्ही तिथवर पोचू. तू वाचलेलं आहेस. खुनी कोण, ते उलट टपाली कळव. माझाही जीव टांगणीला लागला आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सुलाबाई येऊन गेली. उंबऱ्यात टेकून हसत म्हणाली, "आक्का, खुनी घावला की मी जायाला मोकळी." मधू, काही कळवू नकोस. कपाटातली बाकीची पुस्तकं तेवढी पाठव, आणि पाठवण्याआधी सगळ्यांची शेवटची पानं फाडून ठेव.