पायाळू मेहुण्याची लाथ

चिरंजीव (तुम्ही धाकटे म्हणून) आणि तीर्थस्वरूप (तुम्ही रागावलेले म्हणून) संपतराव यांस,

तीर्थपुरीहून रामप्रसाद टेलर, म्हणजे तुमच्या अक्काचा नवरा, याचे आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. त्यातलं जे रुचेल ते ठेवावं, उरलेलं गॅरेजवाल्या ख्वाजामियाँच्या हाती परत पाठवावं. तो टायर आणायला शहागडला निघालाय आणि तुम्ही साखरपुड्यापासून आमचा फोन उचलत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुमची तब्येत उत्तमच असणार. रागाने माणूस ताजातवाना राहतो, असा आमचा अनुभव आहे. इकडे मान सोडून सगळं क्षेम.

झालं असं, की तुमच्या भाचीचं, आकांक्षाचं, लग्न येत्या रविवारी. गावच्या पोरींचे ब्लाउज शिवणाऱ्या बापाने स्वतःच्या पोरीचे अकरा ब्लाउज दुसऱ्याकडे टाकावेत का? सलग चार दिवस मशीनवर वाकलो. पाचव्या दिवशी सकाळी मान डावीकडे वळली ती तिथेच मुक्कामाला राहिली. तेव्हापासून बाजारात मला फक्त डाव्या हाताची दुकानं दिसतात. उजवीकडचे म्हणतात, पोरीचं जमलं तसा टेलर वळूनसुद्धा बघत नाही. (माणसं रागवायला आपल्यात फार मोठं कारण लागत नाही. हे तुम्हाला उद्देशून नाही.)

डॉक्टर म्हणाले, शेक घ्या, वाकू नका, आराम करा. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर बापाला आराम सांगायचा आणि हसायचं नाही, हे शिक्षणाशिवाय जमत नाही. मग गावाने उपचार हाती घेतले. शेजारच्या गिरिजाबाईंनी तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कडकडवून ते चोळायला दिलं. मान जागची हलली नाही, गिऱ्हाइकं मात्र हलली. मापाला आलेल्या बायका दारातूनच, नाकाला पदर लावून, "मागच्या वर्षीचंच धरा" म्हणू लागल्या. (मागच्या वर्षीचं धरून कोणाचं भलं झालंय?) पुढे तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी आली. ती किती गरम आहे हे तुमच्या अक्काने स्वतःच्या हाताला न विचारता थेट माझ्या मानेला विचारलं. ख्वाजामियाँ म्हणाला, "जल्दी नका करू, टेलर. जाम झालेला नट झटक्यानं न्हाई सुटत, तेल पाजावं लागतं." आणि एवढं सांगून झटका द्यायला पुढे आला. जॅक उचलणारे हात ते. मी मशीनखाली शिरलो. शेवटी रुईची पानं शेकून गळ्याभोवती बांधली. नेमका शनिवार होता. समोरून आलेल्या एका म्हातारबाने मारुती समजून मला हात जोडले.

तेव्हा गिरिजाबाईंनी निकाल दिला, की हे औषधाचं काम न्हाई, याला पायाळूची लाथ लागती. जन्मताना जो पायांनी आधी जगात येतो, त्याचा पाय लागला की लचक पळते म्हणतात. गावभर चौकशी केली. सगळे डोक्याने आलेले निघाले. (पुढे त्याचा वापर केला नाही, ती गोष्ट वेगळी.) आपल्या नात्यात उलटं आलेलं माणूस एकच, आणि ते शहागडला रुसून बसलेलं. तरी रविवारच्या आत येऊन माझ्या मानेवर एक लाथ मारून जावी. जेवायचा आग्रह नाही.

लोभ आटला असला तरी तळाशी असेल तेवढा असू द्यावा.

तुमचा दाजी,
रामप्रसाद (डावीकडे बघत)

ता. क. साखरपुड्याचं लिहू नका असं अक्काने बजावलं होतं, म्हणून वर लिहिलं नाही. तुमच्या खुर्चीवर वरपक्षाच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. त्याला मी नवरदेवाचा काका समजलो आणि मामाचा फेटा त्याच्या डोक्यावर चढवला. तुमच्या वाट्याला टॉवेल-टोपी आली. चूक माझी. तुम्ही टॉवेल भिरकावून न जेवता गेलात, त्यानंतर घरात कोणाला घास गोड लागला नाही. आता नवा फेटा आणलाय, तो मी स्वतः बांधीन, डोकं नीट ओळखून.

आणखी ता. क. पोरीला मंडपात मामाने आणायचं असतं. तुमच्या जागी चुलतमामाला उभं करू म्हटलं, तर आकांक्षा म्हणाली, "संपतमामा न्हाई आला तर मी खोलीतून बिलकुल निघत न्हाई." हा हट्ट कोणावर गेला, ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटचं ता. क. खरं सांगायचं तर मान परवाच सुटली. उशी काढून टाकली आणि टॉवेलाची गुंडाळी मानेखाली घेऊन झोपलो. (तोच, तुम्ही भिरकावलेला. कापड चांगलं आहे.) आता शहागडच्या रस्त्याकडे पुरतं वळून बघता येतं, आणि सकाळपासून तेच करतोय. लाथ मारायला मात्र या. दुखणं गेलं तरी ती मला लागू आहेच.