दोन कार्बोरेटर आणि एक कान

स्पॉल्डिंग,
रविवार, ९ मार्च २००३

ती. म्युरिएलताईस,
सा. न. वि. वि.

आज थंडी होती. दहाला गॅरेज उघडलं, इंजिन चालू केलं, दहा मिनिटांनी बंद केलं. दुपारी उकडलेली अंडी खाल्ली. संध्याकाळी प्लग काढून पाहिले. चारही काजळीने काळे.

मंगळवारी गाडीची सरकारी तपासणी झाली. घरी जोडलेल्या गाडीला ती पास झाल्याशिवाय नंबर मिळत नाही, हे तुला माहीत आहे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग सगळं ठीक निघालं. धुराने घात केला. तपासनिसाने धुराच्या नळकांड्यात यंत्र घातलं, आकडा पाहिला, आणि पुन्हा पाहिला. मग मला विचारलं की गाडी पेट्रोलवर चालते की कोळशावर.

पुढची तारीख ८ एप्रिल मिळाली आहे. तेव्हाही नापास झाली तर विकून टाकणार. ग्रँथमचे एक गृहस्थ आहे त्या अवस्थेत घ्यायला तयार आहेत. सहा वर्षांचं काम आहे, पण नापास गाडी किती दिवस गॅरेजमध्ये पाहत बसायची?

दोष माझाच आहे. इंजिनला दोन कार्बोरेटर आहेत आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. ते कळायला रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात आणि दुसरं कानाला लावतात. दोन्हींचा सुसकारा सारखा ऐकू आला की झालं. पंपिंग स्टेशनवर अडतीस वर्षं काढल्यामुळे मला तो सुसकारा ऐकूच येत नाही. नोरा स्टुलावर बसून ऐकायची आणि मी स्क्रू फिरवायचो. पुढचा रुसलाय, मागचा हावरटपणा करतोय, असं काहीबाही सांगायची. गेल्या उन्हाळ्यात तिने दोन्ही जुळवून दिले होते. जानेवारीत गॅस्केट बदलायला मी ते उतरवले आणि तिने लावलेलं सगळं गेलं.

बाकी ठीक. लोभ आहे तेवढा पुरे, सल्ले थोडे कमी चालतील.

तुझा,
विल्फ


व्हिटबी,
१३ मार्च २००३

चि. विल्फ यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणतोस. पत्रात निदान पूर्ण वाक्यं लिहितोस, म्हणून मीही पत्रच लिहिते आहे.

नोराला जाऊन चार महिने झाले आणि रविवारच्या जेवणात तू अंडी उकडतोस, हे वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही. गाडीबद्दल मात्र लिहिणार. मला ती गाडी कधी आवडली नाही. दारं नाहीत, छप्पर नाही, बसायचं म्हणजे आंघोळीच्या टबात उतरल्यासारखं. त्या ईस्टरला तू मला तिच्यात बसवलंस आणि बाहेर काढायला दोन माणसं लागली. तरी ती ग्रँथमला जाता कामा नये. सहा वर्षं तुम्ही दोघं नवरा-बायको त्या गॅरेजमध्ये काय बोलत होतात देव जाणे, पण बोलत होतात. घरात तर तू गप्पच असायचास.

उपाय सोपा आहे. कान हवा आहे ना? शेजारचा तो गॉस्टेलो गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. त्याचा कान चांगलाच असणार. जाऊन सांग. दहा पावलं आहेत. तेही जमत नसेल तर नळी टोपीला बांध आणि एकटाच कर. रविवार २३ तारखेपर्यंत तू त्याला विचारलं नाहीस तर मीच त्याला लिहीन. मी लिहीन म्हणते तेव्हा लिहिते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही. मासे खात जा.

तुझी,
म्युरिएल


स्पॉल्डिंग,
रविवार, २३ मार्च २००३

ती. म्युरिएलताईस,
सा. न. वि. वि.

पाऊस. दहाला इंजिन चालू, दहा दहाला बंद. दुपारी मासे खाल्ले, तुझ्यासाठी.

नळी टोपीला बांधून पाहिली. ऐकू काही आलं नाही. पोस्टमनने मात्र मला पाहिलं. टोपीतून नळी लोंबते आहे आणि मी इंजिनावर ओणवा, अशा अवस्थेत. तो पत्रं फाटकापाशीच ठेवून गेला. तेव्हापासून रोज तिथेच ठेवतो.

मिस्टर गॉस्टेलोंना विचारणं शक्य नाही. ते माझ्यावर नाराज आहेत. मी इंजिन चालू केलं की ते घराच्या खिडक्या बंद करतात, एकामागून एक, वरच्यासुद्धा. म्हणून तर मी हळू रेसवर ठेवतो आणि दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. आधी नोरा कुंपणापाशी जाऊन त्यांना सांगून यायची की आता तासभर आवाज होणार आहे, माफ करा. ते हसायचे. आता जाऊन सांगणारं कोणी नाही. मिसेस गॉस्टेलोंनी नोव्हेंबरात कुंपणाच्या भिंतीवर डिशमध्ये मटणाचा पाय ठेवला होता. मी डिश धुऊन भिंतीवर ठेवली. त्यांनी पुन्हा काही भरून ठेवली. सहा वेळा ती डिश इकडून तिकडे गेली आहे, आम्ही एकदाही नाही.

आणखी एक. स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

कृपा करून त्यांना लिहू नकोस. माया असावी, पण ती व्हिटबीतच असावी.

तुझा,
विल्फ


स्पॉल्डिंग,
२७ मार्च २००३

श्री. टास्कर यांस,
स. न. वि. वि.

शेजाऱ्याला टपालाने पत्र पाठवतो आहे, याचं आपल्याला नवल वाटेल. मी दोनदा आपल्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो. तेव्हा हिल्डा म्हणाली की आता तिकीट लावा आणि माझं डोकं खाणं थांबवा.

आपल्या भगिनींचं चार पानी पत्र काल मिळालं. त्यातली माझ्या ट्रॉम्बोनविषयीची मतं बाजूला ठेवतो. खिडक्यांविषयी मात्र खुलासा केला पाहिजे. त्या आम्ही आवाजामुळे बंद करत नाही. आपण दुःखात आहात, एकटेच काही करत आहात, आणि आम्ही कान लावून बसलो आहोत असं आपल्याला वाटू नये म्हणून करतो. खरं तर बंद खिडकीतूनही सगळं ऐकू येतं. जानेवारीपासून मी रोज ऐकतो आहे आणि मला ते सहन होत नाही. गोंगाटाने नव्हे. आपला एक कार्बोरेटर दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतो आहे आणि आपण भलताच स्क्रू फिरवता. बँडमध्ये एखादा असा वाजवत असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

दुसरं असं, की आपण इंजिन तापूच देत नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. आपण ते थंडपणीच जुळवता आणि बंद करता. मग तपासणीला गाडी तापलेली जाते आणि धूर ओकते. हे आपल्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. आपण आमच्या भिडेखातर दहा मिनिटांत बंद करत असाल तर देवासाठी तसं करू नका.

रविवारी दहाला येतो. नको असेल तर गॅरेज बंद ठेवा, मी समजून घेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. स्नेह आहे तो भिंतीपलीकडूनही कळत असावा, अशी आशा.

आपला,
आर. गॉस्टेलो

ता. क. डिश आमच्याकडे आहे. पुढची खेप आमची.


स्पॉल्डिंग,
बुधवार, ९ एप्रिल २००३

ती. म्युरिएलताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंसच. तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही.

त्या रविवारी गॅरेज उघडं ठेवलं. मिस्टर गॉस्टेलो बरोबर दहाला आले. येताना स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आले होते. स्टूल समोर असताना त्यांनी आपली खुर्ची त्याच्या शेजारी मांडली आणि बसले. तुझ्या चार पानांत स्टुलाबद्दलही होतं, असं मी धरून चालतो.

पहिला अर्धा तास त्यांनी मला काही करूच दिलं नाही. म्हणाले, तापू द्या. मी कुंपणाकडे बघत होतो. ते म्हणाले, पलीकडे फक्त हिल्डा आहे आणि तिला मीच खिडकी उघडी ठेवायला सांगितलंय. मग नळी कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. मी विचारलं, मागचा हावरटपणा करतोय का? ते म्हणाले, छे, पुढचा शिंकतोय. मी म्हटलं, नोराच्या मते पुढचा कधी शिंकत नसे, रुसत असे. यावर आमचा थोडा वाद झाला. शेवटी दोघांनी मिळून रुसणं मान्य केलं आणि मी स्क्रू पाव फेरा फिरवला.

दीड तास लागला. जुळलं तेव्हा त्यांनी दोन बोटं शेजारी शेजारी धरून दाखवली. मला काही ऐकू आलं नाही. नोराच्या वेळीही येत नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे बघून कळायचं. दुपारी प्लग काढले. चारही बिस्किटाच्या रंगाचे, जसे असावेत तसे.

काल तपासणी झाली. मिस्टर गॉस्टेलोंनी माझ्या गाडीत बसायला नकार दिला. म्हणाले, ही जोडताना मी वरच्या खिडकीतून सगळं पाहिलंय. ते आपल्या गाडीने मागून आले, काही पडलं तर उचलायला. काही पडलं नाही.

तपासनीस तोच होता. यंत्र लावून म्हणाला, रेस वाढवा आणि धरून ठेवा. मी सवयीने हळूच दाबलं. तो म्हणाला, आजोबा, गाडी झोपलीय, तिला उठवायला आलाय की पांघरूण घालायला? मग दाबलं. इतका आवाज मी या गाडीचा कधी ऐकला नव्हता. कुणाची माफीही मागितली नाही. आकडा मर्यादेच्या बराच आत आला. मिस्टर गॉस्टेलो बाहेर कान लावून उभे होते. ते म्हणाले की पुढचा अजून केसभर बेसूर आहे, पण सरकारला कळणार नाही.

ग्रँथमला फोन करून गाडी विकायची नाही असं कळवलं. ते गृहस्थ म्हणाले, फार बरं झालं, बायको तीन आठवडे बोलत नव्हती.

उन्हाळ्यात तुला व्हिटबीला भेटायला येईन, गाडीनेच. बाहेर काढायला दोन माणसं तयार ठेव. तुझा लोभ परवडतो असं दिसतं, तेव्हा चालू ठेव.

तुझा,
विल्फ

ता. क. परतताना मिस्टर गॉस्टेलो बँडच्या तालमीला लवकर पुढे गेले, मी एकटाच होतो. कालव्याकडेच्या रस्त्यावर वारा होता. डावीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा सारखा पत्र्यावर आपटत होता. एका वळणावर गाडी बाजूला घेतली, उतरलो, पलीकडे जाऊन पट्टा सीटवरून नीट ओढून लावला, आणि पुढे निघालो.