उजव्या कमरेचा प्रश्न

लॉरेल फोर्क, पूर्व केंटकी
३ सप्टेंबर

ती. लोरीन आत्यास,
वेस्लीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू नुसतं हो हो म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण तक्रार करण्याइतका नाही, असं ती भेटेल त्याला सांगते.

विचारायचंय ते असं. औषधांच्या दुकानाची गाडी मी चालवतो हे तुला ठाऊक आहे. आतापर्यंत गावातल्या गावात होतो. डोंगरावरची फेरी ड्वेन करायचा. ऑगस्टात त्याला कॉडिलांच्या अंगणात, गाडी आणि पायरी यांच्या मधे, दोघांनी अडवलं, डोक्याला पिस्तूल लावलं आणि वेदनेवरच्या औषधांची पिशवी नेली. ड्वेनने नोकरी सोडली. मालक सिझमोर म्हणतात, तू कपड्याआड पिस्तूल बाळगून ही फेरी कर, रीतसर शिकून घे. एक ऑक्टोबरपर्यंत हो की नाही सांग, नाही तर फेरी बंद, ज्याचं त्याने गावात येऊन न्यावं. तोपर्यंत त्यांचा मेहुणा माझ्यासोबत गाडीत बसतो आणि बहुतेक वेळ झोपतो.

पण एझ्राकाका कॉडिल गावात कसे येतील? कोळशाच्या खाणीत फुप्फुसं काळी झाली आहेत. खुर्चीतून पलंगावर जायलासुद्धा त्यांना दुसरा माणूस लागतो, आणि त्यांच्या बायकोच्याने, ओपलकाकूंच्याने, ते उचलवत नाहीत. त्यामुळे नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला भीती वाटते.

पिस्तुलांच्या दुकानात जाऊन आलो. काउंटरवरच्या माणसाने मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, भाऊ, तू बारीक, तुला बारीकच शोभेल. हे घे, खिशात आहे हे तुझं तुलाही कळणार नाही. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, ते पाहून उंदीरसुद्धा हसेल, मोठं घे. घरी येऊन मी सगळ्यांची वजनं, लांबी आणि किती काडतुसं बसतात ते एका कागदावर मांडलं, शब्द कोशात तपासले, आणि आता जास्तच गोंधळलो आहे. कागद सोबत जोडला आहे. तू इतकी वर्षं शेरीफच्या पोलीस कचेरीत होतीस. कोणतं घेऊ?

तुझी माया आहेच, तिच्यात थोडा सल्लाही असावा.

तुझा भाचा,
वेस्ली


९ सप्टेंबर

चि. वेस्लीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. एकही अक्षर चुकलेलं नाही. फक्त त्यात तू कुठेच नाहीस.

बाळा, पिस्तूल सगळे त्या एका वाईट मिनिटासाठी निवडतात. उरलेल्या दिवसाचं काय, ते कोणी विचारत नाही. तू दिवसभर बसलेला असतोस की उभा? गाडीचा पट्टा कुठून जातो? शर्ट खोचतोस? किती वाकतोस? मिठी कोण कोण मारतं? मला एकदा चर्चमध्ये मेबलने मिठी मारली आणि म्हणाली, लोरीन, पाठीला पट्टा बांधलायस का गं. मी हो म्हटलं. तेव्हापासून दर नाताळात ती मला चोळायचं तेल पाठवते.

काउंटरवरच्याचं ऐकू नकोस. हलकं पिस्तूल लपवायला सोपं आणि झाडायला अवघड. वजन जितकं कमी, तितका झटका तुझ्या हातात जास्त. सरावाच्या मैदानावर भाड्याने मिळतात ती झाडून बघ, आणि कानांना लावायचं लाव. आम्ही मर्दुमकी म्हणून लावलं नाही, त्याची फळं आज टपाल खात्याला मिळताहेत.

सोबत खोकं पाठवलं आहे. त्यात निळं प्लास्टिकचं पिस्तूल आहे, शिकाऊ पोलिसांना देतात ते. मधल्या आकाराचं, आत शिसं भरून वजन खऱ्याएवढं केलेलं. कुणाला इजा होणार नाही. ते रोज अंगावर वागव. खाली पिस्तूल अंगाला बांधायची माझी जुनी चामडी होल्स्टरं आहेत. पिस्तूल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अशी न जमलेल्या होल्स्टरांची एक पेटी असते. महाग म्हणून कोणी टाकत नाही आणि लाज वाटते म्हणून दाखवत नाही.

वेगळं होल्स्टर लावलंस की काय बिघडलं ते लिही. तुझ्या आईला म्हणावं, गुडघ्याची तक्रार एकदाची करून टाक.

माया आहे तशीच,
लोरीन आत्या


१७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. आई म्हणाली, तुझ्या आत्याने चपलांचे पट्टे पाठवलेत का.

मैदानावर गेलो. ते बारीक पिस्तूल दोनदा झाडलं तोवर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. पुढे तर मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागलो. शिकवणाऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, डोळे मिटून देवाला हाक मारतात, नेम नाही धरत. मग छोटं रिव्हॉल्व्हर. त्याचा चाप इतका जड की ओढता ओढता नळी खाली झुकायची. शेवटी त्याने मधलं दिलं, नऊ मिलिमीटरचं, भरल्या मुठीचं. ते हातात ठरलं. कागदावरच्या माणसाच्या छातीत भोकं पडली, तीही एकमेकांजवळ. तो म्हणाला, हे तुझं ऐकतं. तेव्हा कोणतं, हे सुटलं. कुठे, हे अडलं.

घोट्याला लावलं तर मोजा उतरतो, आणि गाडीत बसून हात पोचत नाही. समोर पोटाशी लावलं तर वाकलं की ते बरगडीत घुसतं आणि मला रोज वाकावं लागतं. काखेत लावलं तर वर जाकीट हवं. या उकाड्यात जाकीट पाहून आईने माझ्या कपाळाला हात लावला. उजव्या कमरेला, जरा मागे, शर्ट बाहेर सोडून, हे छान जमलं. बुधवारपर्यंत.

बुधवारी मी एझ्राकाकांना खुर्चीतून उठवत होतो. आमची रीत ठरलेली आहे. ते डावा हात माझ्या उजव्या बाजूने कमरेभोवती घालतात, मी त्यांना काखेत धरतो, आणि आम्ही एकदम उठतो. त्यांची बोटं नेमकी त्या प्लास्टिकवर पडली आणि तिथेच आवळली. पलंगावर टेकल्यावर दम गोळा करून म्हणाले, धरायला बरं आहे रे, दर वेळी आणणार का. तू मेबलबाईंना दिलंस तेच उत्तर मी दिलं, पाठीचा पट्टा आहे म्हणून. ते म्हणाले, पोरा, मी जन्मभर अंधारात हत्यारं चाचपली आहेत. पट्टा आणि पिस्तूल मला नको शिकवूस.

आत्या, ते खरं असतं तर? पडायच्या भीतीने माणूस जे हाताला लागेल ते गच्च धरतो. डाव्या बाजूला लावलं तर तिथे त्यांचा दुसरा हात असतो. माझा हात पोचेल आणि त्यांचा पोचणार नाही अशी जागा माझ्या अंगावर नाही. मी आरशासमोर उभा राहून शोधली.

उत्तराची वाट पाहतो. रागावलीस तरी लिही.

तुझा,
वेस्ली


२२ सप्टेंबर

चि. वेस्लीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. आरशासमोरचा तू डोळ्यांपुढे आलास, तेव्हा हसले. नंतर नाही.

आम्ही तुरुंगात कैद्यांमध्ये जायचो तेव्हा पिस्तूल बाहेर कुलपात ठेवून जायचो. शेरीफ असला तरी. कैदी वाईट म्हणून नव्हे, त्यांचा हात पोचतो म्हणून. तुला तेच करावं लागेल. गाडीत लोखंडी पेटी बोल्टने बसवून घे. घरात जाण्याआधी पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून काढ, चाप झाकलेलाच राहू दे, आणि पेटीत ठेव. नुसतं पिस्तूल हाताळायचं नाही. अपघात लढाईत होत नाहीत, काढता-घालताना होतात.

आता तू विचारशील की मग गाडीपासून पायरीपर्यंत काय. जिथे ड्वेनला गाठलं तिथेच तू रिकामा. खरं आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नसताना मी देणार नाही. ते सापडलं नाही तर सिझमोरला सरळ नाही सांग. त्यात कमीपणा नाही.

एक मात्र पाळ. पिस्तुलाचं कोणाजवळ बोलू नकोस. लोकांना कळलं की ते लपवून उपयोग नाही. मी मेबललासुद्धा आजवर सांगितलेलं नाही.

काळजीत,
आत्या


३० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून.

पिस्तुलाचं शिक्षण पुरं केलं, मधल्या आकाराचं ते घेतलं, पेटी बसवली. पण एझ्राकाकांनी चाचपल्यानंतर त्यांच्यापुढे काहीच नाही असं वागणं मला जमेना. माझ्या अंगावर जो माणूस भार टाकतो, त्याला आपण कशावर हात ठेवतोय ते ठाऊक असावं. म्हणून सोमवारी दोघांसमोर बसून सांगितलं. पिस्तूल आहे, ते अंगावर ठेवून तुम्हाला उठवता येत नाही, गाडीत ठेवलं तर तुमच्या अंगणात मी रिकामा, आणि मला भीती वाटते, म्हणून कदाचित उद्यापरवा मालकांना नाही म्हणेन.

ओपलकाकू भांडी घासत होत्या. म्हणाल्या, या पुरुषांना अंगाच्या चारी बाजूंना लोखंड बांधून पाहता येतं, पण एकदा तोंड उघडता येत नाही. एझ्राकाका म्हणाले, मी उघडणारच होतो, दम लागला. काकूंनी मला फक्त येण्याची वेळ विचारली.

आज गेलो तर काकू पडवीत खुर्चीवर. मांडीवर काकांची दुनळी बंदूक, आणि तिच्यावर घेवड्याच्या शेंगांचं पातेलं. त्या शेंगा मोडत होत्या आणि माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, सावकाश कर. मी पेटीला कुलूप लावलं, पिशवी घेतली आणि अंगण चालून गेलो. सिझमोरांचा मेहुणा गाडीतच होता, जागा झाला आणि बंदूक पाहून पुन्हा आडवा झाला. आत एझ्राकाकांनी माझी कमर चाचपली, म्हणाले, आता काहीच नाही होय, आणि पट्टा धरून उठले.

काकूंनी चर्चमधल्या बायकांना फोन केलेले दिसतात. पुढच्या घरी नेपिअरांचा जावई पडवीत बंद रेडिओ दुरुस्त करत, डोळा रस्त्यावर ठेवून बसला होता. त्यापुढे दोघी बहिणी आणि त्यांचं कुत्रं. पिस्तूल रस्त्यावर माझ्या कमरेला असतं, घरापाशी पेटीत. सगळ्या डोंगराला ते ठाऊक आहे. तुझ्या मते यात लपवलेलं काय उरलं, ते लिही.

संध्याकाळी सिझमोरांना हो सांगितलं.

दुपारी कॉडिलांकडून निघताना ओपलकाकूंनी विचारलं होतं, एवढं करून शेवटी घेतलंस कोणतं. मी नाव, आकार, वजन, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल चांगलं. आता हात धू आणि या राहिलेल्या शेंगा मोड, मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही.

माया अशीच राहो,
वेस्ली