शाळेच्या मैदानावरची खूण

प्रिय जेरिको,

इतक्या उशिरा लिहितोय म्हणून रागावू नकोस. पत्र खिशात घालून मी रोज पोस्टापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. तुझी आजी म्हणते, "रविवारी पुन्हा सामना आहे, पोराचं मन बिघडवू नका."

अमेरिकन फुटबॉलच्या गेल्या सामन्यात तू चेंडू घेऊन पळणाऱ्या त्या धिप्पाड गड्याला आडवा केलास. तुझं डोकं जमिनीवर आपटलं, पण तू लगेच उठलास आणि पुढच्या डावासाठी बचावफळीला खूण केलीस, हेल्मेटवर दोनदा थाप मारून. क्लीओच्या सलूनमध्ये एकच आरडाओरडा झाला. "अरे, ही तर आपल्या शाळेच्या टीमची खूण!" क्लीओ वस्तरा हातात धरून म्हणाला, "लेम्युएलकाका, हसा की जरा! नातू टीव्हीवरून गावाला सलाम करतोय."

मी हसलो. पण बाळा, तुझे सोबती गोंधळून तुझ्याकडे बघत होते. ती खूण त्यांना ठाऊकच नाही. तुला त्या घटकेला वाटत होतं की तू इथेच शाळेच्या मैदानावर आहेस आणि मी कुंपणाशी उभा आहे.

मी फारसा शिकलेलो नाही, तुमच्या टीमच्या डॉक्टरांपुढे काय बोलणार? डोकं आपटल्यावर तुझं भान हरपलं होतं, हे तूच त्यांना खरं सांग. खेळ सुटला तर सुटू दे, आजी तुझ्यासाठी मक्याचा पाव भाजायची थांबणार नाही.

लवकर फोन कर. आणि आधी एवढंच सांग, आज तू कोणत्या गावात आहेस?

तुझ्या काळजीत असलेला,
आजोबा लेम्युएल