विनापरवानगी

३ मार्च, सोमवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. अर्धी खोकी अजून बांधलेलीच आहेत, पण वही हाताशी लागली म्हणून बसले लिहायला. आजपासून मी रीतसर सुरक्षा अधिकारी. पांढरं हेल्मेट मिळालं; मला ते चांगलंच ढिलं होतं. घरी आल्यावर लेकीने पळवलं आणि जेवून होईपर्यंत काढलं नाही. नवरा म्हणाला, चला, आता घरात पडझड झाली तरी एक माणूस वाचेल.

आमची कंपनी मोठ्या इमारतींत पाइप, पंप, पाण्याच्या टाक्या बसवून देते. सध्या सात मजली इस्पितळाचं काम आहे. तळघरात ग्राइंडरच्या आवाजाने कानठळ्या बसतात. साइटच्या साहेबांनी स्वतः हिंडून सगळं दाखवलं. गेटवर मोठा फलक आहे, 'विनाअपघात दिवस', आणि खाली आकडा: ८४. शंभरी गाठून द्या, बाकी तुम्हाला काही त्रास नाही, असं ते हसत म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

तळघरात स्टीलची टाकी बनते आहे, आमच्या दोन्ही खोल्या आत मावतील एवढी. आतले जोड एकच वेल्डर करतात. पन्नाशीचे असतील, बोलणं कमी. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात, कारण त्यांचा जोड शिवणीसारखा दिसतो, एकसारखे बारीक टाके. मी कौतुक केलं तर म्हणाले, कापड बरं, चुकलं तर उसवता येतं.

जोड काळा पडू नये म्हणून आत आरगॉन गॅस सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी साचतो. माणसाला गुदमरल्यासारखं होतच नाही, नुसती झोप येते. म्हणून नियम असा: प्रत्येक वेळी आत जाण्याआधी मी मीटर खाली सोडून ऑक्सिजन मोजायचा, २०.९ टक्के, म्हणजे मोकळ्या हवेइतका, आला तर परवानगीच्या कागदावर सही करायची, आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. प्रत्येक वेळी म्हणजे चहाला बाहेर येऊन परत जातानासुद्धा. दिवसातून सात-आठदा वॉकीटॉकीवर बोलावणं येतं आणि मी जिना उतरते. गुडघे बोलायला लागलेत, पण काम आवडतंय.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी हळूच सांगितलं की दर वेळी मोजत बसलात तर टाकी पुढच्या वर्षी होईल. रागावून नाही, समजुतीने. त्यांचंही खरं आहे, सकाळी एकदा मोजलं की तासाभरात काय बदलणार?

१९ मार्च, बुधवार

शिंपीकाका गेले.

सकाळी मी मोजलं होतं, २०.९. चहासाठी सगळे वर आले. चहानंतर साडेअकराला काका परत टाकीत उतरले. तोंडाशी उभा राहणारा फिटर अजून वरच होता. गॅसची नळी आत चालूच राहिली होती. फिटर खाली आला तेव्हा ते तळाशी एका कुशीवर होते, हात डोक्याखाली घेतलेला. जणू जरा आडवे झालेत. हाका मारल्या, वर काढलं, छाती दाबली. मीही दाबली.

आज शंभरावा दिवस होता. समारंभासाठी गेटवरचा फलक वर ऑफिसात आणून मी त्याला नवे आकडे चिकटवत होते.

ते न विचारता आत गेले. अहवालात तसंच लिहिलं आहे: विनापरवानगी प्रवेश. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

२४ मार्च, सोमवार

काकांची बायको त्यांची हत्यारं न्यायला आली होती. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. रडली नाही. अहवाल तिला कोणीतरी वाचून दाखवला होता. जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, ते घरातसुद्धा दारात उभे राहून 'येऊ का' विचारायचे. मी हसायची. तो माणूस न विचारता कुठे आत जाणार?"

मी म्हणाले, चौकशी होईल.

२५ मार्च, मंगळवार

साडेअकराला टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. मॅडम, आत जाऊ का?

तळघरात आज काम नव्हतं. बाकीचे सगळे वॉकीटॉकी कपाटात आहेत, मी मोजले. माझा धरून सहा. सहाच.

२६ मार्च, बुधवार

पुन्हा साडेअकरा. बॅटरी काढून ठेवली होती.

नको म्हणाले. नको, जाऊ नका, थांबा. मोठ्याने. शेजारचा कारकून उठून बघायला आला.

२७ मार्च, गुरुवार

नवरा सांगत होता, दुपारी एक माणूस दारात आला. हातावर भाजल्याचे डाग. नम्र वाटला. येऊ का, म्हणाला. मॅडम घरी नाहीत सांगितलं तरी उंबऱ्याबाहेर तसाच उभा. नवऱ्याने दार लावून घेतलं. तुझ्या कामावरचा का, असं मला विचारलं. मी नाही म्हटलं. खोटं बोलायला आता वेळ लागत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लेक शाळेतून आली, नवरा अंघोळीला. दार तिने उघडलं. एका काकांनी विचारलं, आत येऊ का. ती म्हणाली, हो, या ना.

किती शहाण्यासारखं वागले, म्हणून मला हे सांगत होती. आणि सांगता सांगता तिला जांभई आली.

मग नवऱ्याला.

मी घरभर फिरले. कोणी नाही. पण गॅसची शेगडी पेटवली तर ज्योत बुटकी, पिवळी, जीव नसल्यासारखी.

२९ मार्च, शनिवार

ऑफिसातून मीटर आणला. घरात २०.१. खिडक्या उघडल्या. १९.४. मीटर ओरडायला लागला.

दोघांना नणंदेकडे नेलं, गॅस गळतोय सांगून. रिक्षात पिशवीतला मीटर ओरडत होता. नणंदेच्या बैठकीत लेक माझ्या मांडीवर पेंगली. ओठ निळसर. मी उठून रस्त्यावर गेले तशी ती जागी झाली, खायला मागू लागली.

घराचं काही नाही. ते माझ्या सोबत आहे.

त्यांना तिथेच ठेवून एकटी परत आले. लेकीला नीट जवळही घेता आलं नाही.

काका गेले त्या दिवशी वॉकीटॉकी माझ्या टेबलावर होता. हे मी कुठेच लिहिलं नाही. या वहीतसुद्धा आजवर नाही.

३० मार्च, रविवार, सकाळी दहा

१८.२. गॅलरीत बसलेय. उघड्यावर. समोर लोक भाजी घेताहेत, बोलताहेत. माझ्यापाशी १८.२.

गुदमरत नाही. खरंच नाही. नुसतं जड —

अकरा

दारात विचारणारा तो आतल्या खोलीत आहे. दिसत नाही, पण उभा आहे. भिंतीला पाठ न टेकता, कोणी बस म्हणेल म्हणून वाट बघत. रागावलेला नाही. रागावला असता तर —

१६.

नवऱ्याला फोन केला. जिभेवर शब्द — काही नाही, म्हटलं, झोप येतेय. तो म्हणाला, झोप मग जरा.

साडेअकरा

१४. अक्षर नीट येत नाही. लिहिते. खरं लिहिते, साहेबांना दाखवा, काकांच्या बायकोला वाचून दाखवा.

काका न विचारता गेले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं. मॅडम, मोजायला येताय का? मी म्हटलं, सकाळी मोजलंय. मग विचारलं, मग आत जाऊ का?

मीटर माझ्या खणात होता. हातात शंभराचं शेवटचं शून्य. ते वाकडं चिकटत होतं. मी मान वर केली नाही आणि म्हणाले, ह