तीन हाका आणि दोन टिचक्या

६ नोव्हेंबर

प्रिय भोपू,

कडक सलाम. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बायको सतत. आता दोन्हींची सवय झाली आहे. या महिन्याचं तुझं पत्र अजून आलेलं नाही. पहिल्या तारखेला पत्र टपालात पडलंच पाहिजे हा नियम तूच काढलास आणि आता दांडीही तूच मारतोस. शिक्षा म्हणून हे लांबलचक पत्र वाच.

पेपरात यंत्रांच्या बातम्यांचं पीक आलंय. पहिली ऐक. चेहरा बघून उघडणारं कुलूप एका माणसाने घराला बसवलं. त्याची दाढ सुजली, गाल भोपळ्यासारखा झाला आणि कुलपाने ओळखच दाखवली नाही. बिचारा दोन तास पायरीवर बसून होता, आत बायको अंघोळीला. माझं मत विचारशील तर आपला फौजेतला पहारेकरी बरा. तुझं तोंड सुजलेलं असो की रंगवलेलं, तो परवलीचा शब्द विचारायचा, आणि चुकलास तर निदान तुझ्या अंगावर ओरडायचा तरी.

दुसरी बातमी. एका बड्या कंपनीची लाखो लोकांची माहिती चोरीला गेली. त्यांचा पासवर्ड काय होता माहिती आहे? कंपनीचंच नाव, पुढे एक-दोन-तीन. आपण रोज परवलीचा शब्द बदलायचो, आणि एकदा तू तो मोठ्याने बोललास म्हणून सुभेदारसाहेबांनी तुला आठवडाभर भांडी घासायला लावलं होतं. या कंपनीच्या साहेबाला बढती मिळाली आहे.

तिसरी बातमी नेहमीचीच. दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रच करणार, आम्ही सगळे घरी. गेली पंधरा वर्षं माझी नोकरी दोन वर्षांत जाणार आहे. वर्दी उतरवून पंचेचाळिसाव्या वर्षी हे काम शिकलो, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "काका, उशीर झाला." आता मी त्या मास्तरांच्या मुलाला शिकवतो.

आमच्या कंपनीच्या 'सकाळची हाक'चं बरं चाललंय. पाच हजारांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं नोंदली गेली. यंत्र रोज सकाळी नऊला फोन करतं, माणूस 'ठीक' म्हणतो, संपलं. तुझं नाव मी स्वतः घातलं तेव्हा तू फोनवर केवढा बोंबललास! "मला काय धाड भरलीय? माझा आवाज बिनतारीच तुझ्या घरापर्यंत येतो!" तो येतोच, नाव काय उगाच पडलं का? पण यंत्राला रोज 'ठीक' म्हणायला तुझं काय जातं? काही बिघडलं तर निरोप माझ्याकडे यावा, अशी सोय करून ठेवली आहे. निरोप आलेला नाही, म्हणजे तू ठीक आहेस आणि नुसता आळस करतोयस.

बारा वर्षं फौजेच्या बिनतारी सेटवर कानाला हेडफोन लावून बसल्यावर आपल्याला फोनवर गप्पा मारवत नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून तर पत्रं. पण पत्र टाक बाबा. थंडी सुरू झाली की तुझ्या पायाची ती दोन नसलेली बोटं दुखतात म्हणतोस, तेव्हा मला कसंसंच होतं. जाऊ दे, तो विषय नको.

तुझा,
मुंगी

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भोपू,

सलाम. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबा समोर आहे, उघडला नाही. बायकोला कळवू नकोस.

आजच्या पेपरात पाचव्या पानावर एक बातमी आहे, तुझ्याकडच्या पेपरात आली असेल. शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई, वय अठ्ठ्याहत्तर, घरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. चार दिवस ओट्याखाली पडून होत्या. दूधवाल्याला पिशव्या तशाच दिसल्या म्हणून दार फोडलं, वाचल्या. बातमीत पुढे लिहिलंय, की या बाईंना रोज फोन करणारं एक यंत्र होतं आणि यंत्राच्या हिशेबी सगळं आलबेल होतं. वार्ताहराने 'यंत्राला मन नसतं' वगैरे नेहमीचे ताशेरे ओढले आहेत. मन काय करायचंय? दूधवाल्याने पिशव्या मोजल्या, तेवढं यंत्राला जमलं असतं तरी पुरे होतं.

कंपनीचं नाव छापलेलं नाही. ते यंत्र आमचं आहे, भोपू.

आमच्या बाईसाहेब, म्हणजे माझ्या वरच्या, एरवी खुर्चीवर मांडी घालून बसतात, आज उभ्याच आहेत. "कुठल्या ओळीत चूक आहे ती मला तीन वाजेपर्यंत हवी," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सगळे आपापल्या पडद्याकडे बघत बसलेत. पाच वर्षांत इतक्या जणांनी त्या प्रोग्रॅमला हात लावलाय, की कुणाची चूक ते सांगणं कठीण आहे. कुणीही केली असेल. मध्ये दोन नवीन मुलं होती, ती सोडूनही गेली. त्यांच्यापैकी कुणाची असेल.

बातमी गमतीची करून सांगायचा विचार होता, पण आज जमत नाही. हात गार पडलेत. इथे थंडी काही एवढी नाही.

तुझं पत्र अजून नाही. एकोणीस दिवस झाले. मी मोजत नव्हतो, आज मोजले.

भोपू, तुला आठवतं का, आपल्याला बिनतारी शिकवताना पहिल्याच महिन्यात काय पाठ करून घेतलं होतं? 'तीन हाका द्या. उत्तर नाही आलं तर स्टेशन बंद समजा, पुढच्याला हाक द्या. उगाच हवेत ओरडत बसू नका, शत्रूला कान असतात.' सहज आठवलं.

अडीच वाजले. उठतो.

मुंगी

२२ नोव्हेंबर, सकाळी दहा

भोपू,

मी तुझ्या वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. दार अर्धं उघडं आहे. तुझा पलंग खिडकीकडून दुसरा, हे तुझ्या भाचीने सांगितलं. मला इथून फक्त लोखंडी पलंगाचं पायथ्याकडचं टोक आणि पांघरुणाखालचे तुझे पाय दिसतात. आत यायला धीर होत नाही. पन्नास पावलं असतील. हे लिहून झालं की आत येईन आणि तुला वाचून दाखवीन. तोंडाने नुसतं बोलायला गेलो तर मी पुन्हा विनोद करीन.

१९ तारखेला तुला पत्र लिहिलं, तेव्हा चुकीची ओळ मला सापडलेली होती. अकरा वाजताच सापडली होती. दोन नवीन मुलांवर ढकललं ते खोटं. ओळ माझी आहे, पाच वर्षांपूर्वीची. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास मी तुला पत्र लिहिण्यात घालवला, कारण उठून बाईसाहेबांच्या टेबलापाशी जायला घाबरलो.

ओळ अशी: तीन सकाळी उत्तर आलं नाही, तर नंबर बंद समजा आणि पुढच्याला फोन करा.

बाईसाहेबांनी विचारलं, "बंद समजल्यावर पुढे काय? ते कुणाला कळतं?" मी म्हणालो, "कुणालाच नाही. माणूस स्वतः 'बरं नाही' म्हणाला तरच निरोप जातो." त्या म्हणाल्या, "पण का? असं कोण लिहितं, काका?" काय सांगणार? पुढचं मी विसरलो नव्हतो, मला ते सुचलंच नव्हतं. सेटवर बसणाऱ्याने तीन हाका द्यायच्या आणि वहीत 'उत्तर नाही' लिहायचं. गप्प झालेल्या स्टेशनचं काय करायचं ते वरचे साहेब ठरवायचे, गस्त तेच पाठवायचे. या यंत्राला वरचे साहेब नव्हते. मी ते कधी नेमलेच नाहीत.

बंद समजलेल्या नंबरांची यादी काढली. त्रेचाळीस निघाले. बाईसाहेबांनी सगळं ऑफिस फोनला बसवलं, जिथे फोन लागेना तिथे माणसं दारापर्यंत धाडली. संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांचा पत्ता लागला. बहुतेक जण मुलांकडे राहायला गेले होते किंवा नंबर बदलला होता. दोघं वारले होते, पण दवाखान्यात, घरच्यांसमोर. ते ऐकून मला हायसं वाटलं आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

यादीत चौदावं नाव तुझं होतं.

तुला फोन लावला. तीनदा नाही, मोजले नाहीत. कुणी उचलला नाही. तुझ्या जुन्या पत्रात खालच्या घड्याळजीचा नंबर होता, त्याला लावला. तो म्हणाला, "त्यांना चार तारखेला भाचीने दवाखान्यात नेलं. अर्धं अंग गेलंय. बोलत नाहीत."

प्रत्येक फोनचा आवाज आम्ही जपून ठेवतो. तुझे तीन होते, १, २ आणि ३ नोव्हेंबरचे. मी ते कानाला लावून ऐकले. आमचं यंत्र गोड आवाजात म्हणतं, "नमस्कार. ठीक असाल तर 'ठीक' म्हणा." मग तुझा श्वास. मग टक टक. दोनदा. यंत्र पुन्हा विचारतं, पुन्हा टक टक. तिन्ही दिवस तेच. यंत्राला फक्त शब्द कळतात, म्हणून त्याने लिहिलं: उत्तर नाही. चार तारखेला त्याने फोन केलाच नाही. भाची सहज डबा घेऊन आली नसती तर... पुढचं मला लिहवत नाही.

इथल्या डॉक्टरांना मी काल विचारलं, पहिल्याच सकाळी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं का. ते म्हणाले, "सांगता येत नाही. लवकर आणलं तर फरक पडतो, एवढं खरं." अख्ख्या तळाला उठवणारा तुझा आवाज, आणि तो माझ्या एका ओळीने गेला असेल. हे मला आता जन्मभर कळणार नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

भाची आता बाहेर आली होती. म्हणाली, "मामांना तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. कुलपाच्या गोष्टीला हसले. मी म्हटलं, तुमच्या वतीने उत्तर लिहू का, तर डाव्या हाताने पेन ढकलून दिलं." मग ती म्हणाली, "ऐकू सगळं येतं त्यांना. फक्त बोलता येत नाही."

हे वाक्य मी सव्वीस वर्षांपूर्वी एकदा ऐकलं आहे. तू पुढच्या चौकीवर होतास, दुपारपासून बर्फ पडत होतं आणि तुझ्या सेटचा माइक गेला होता. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं, फक्त बोलायचं बटण दाबलं की समोरच्याच्या कानात टिचकी वाजायची. मी मुख्य सेटवर होतो. तीन हाका दिल्या, वहीत लिहिलं 'उत्तर नाही' आणि पुढच्या चौकीला हाक दिली. दुसऱ्या दिवशी गस्तीने तुला खाली आणलं, दोन बोटं कमी करून. तू नेहमी हसून सांगतोस, "मुंगीच्या तीन हाका मला ऐकू आल्या, माझं बटण दाबणं काही तिच्या कानात शिरलं नाही." सगळे हसतात. मीही हसतो. सव्वीस वर्षं हसतोय.

शिरलं होतं, भोपू. तिसऱ्या हाकेनंतर कानात दोन टिचक्या आल्या होत्या. बटण दोनदा दाबल्यासारख्या. मी वर घड्याळाकडे बघितलं, पुन्हा ऐकायला थांबलो नाही. बर्फामुळे हवेत खरखर होती, माझे पाय गारठले होते, पाळी संपायला दहा मिनिटं होती आणि खाली शेगडी पेटलेली होती. खरखरच असेल असं मी स्वतःला सांगितलं. मनातून तेव्हाही पटलं नव्हतं. चौथी हाक दिली असती तर तू पुन्हा बटण दाबलं असतंस, आणि गस्त त्याच दुपारी निघाली असती. वहीत ते 'उत्तर नाही' माझ्याच बारीक अक्षरात आहे. त्या अक्षरावरूनच तर माझं नाव पडलं.

तो नियम पुढे प्रोग्रॅममध्ये मी सवयीने लिहिला, असं मी बाईसाहेबांना सांगितलं. तुला खरं सांगतो. तो नियम बरोबर होता असं मला वाटत राहायला हवं होतं. नियम बरोबर, तर मी बरोबर.

बाईसाहेबांनी ती ओळ खोडायला मलाच सांगितली. आता पहिल्याच दिवशी उत्तर आलं नाही, तर माणूस दारात जातो. नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. यंत्र मला घरी बसवणार ही बातमी शेवटी खरी ठरणार बहुतेक, फक्त वाट वेगळी निघाली. बघ, पुन्हा विनोद.

आता आत येतो. तुझा डावा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर असतो म्हणे. हे सगळं ऐकून माझ्याकडे बघावंसंही वाटलं नाही तर बघू नकोस, तुझा हक्क आहे. पण मी हाक देत राहणार. तीनवर थांबणार नाही. आज नाही, उद्याही नाही. समोरच्या लॉजवर खोली घेतली आहे आणि बायकोला तसं सांगितलं आहे. ठोकलंस तर वहीत लिहीन, नाही ठोकलंस तर तेही लिहीन. पण दांडीवर बोट नुसतं हललं, तरी या वेळी मी त्याला खरखर म्हणणार नाही.

भोपू, मला फार भीती वाटते आहे.

ऐकत असलेला,
मुंगी